पुळणीवरचे चारशे मीटर

भिकाजी तळवडेकर कॉलेजचे अॅथलेटिक्सचे कोच झाले ते स्टॉपवॉचमुळे. पायांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. पाय त्यांचे बारीक, गुडघ्यात किंचित फाकलेले, आणि उभ्या जन्मात ते धावले होते फक्त एस.टी.मागे. तेही बहुतेक वेळा गाडी निघून गेल्यावर, माणूस प्रयत्न करतो हे लोकांना दिसावं म्हणून.

गोष्ट एकोणऐंशी सालची. मालवण आणि आचऱ्याच्या मधे, किनाऱ्याला लागून एक लहानसं कॉलेज होतं. तीन कौलारू इमारती, एक विहीर, आणि कागदोपत्री मैदान म्हणून दाखवलेली एक उतरती काजूची बाग. विद्यापीठाचं पत्र आलं की यंदापासून प्रत्येक महाविद्यालयाने मैदानी स्पर्धांना संघ पाठवावा. प्राचार्यांनी सभा बोलावली. सगळे प्राध्यापक एकदम आढ्याकडे बघू लागले, जसं काही विद्यापीठाने कौलं मोजायला सांगितली होती. जिमखान्याचं अध्यक्षपद संस्कृतच्या प्राध्यापकांनी घेतलं, कारण त्यात भाषण होतं आणि धावणं नव्हतं. मग मुलांची वेळ कोण लावणार, असा प्रश्न आला. कॉलेजात स्टॉपवॉच एकच. ते पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, लंबकाच्या प्रयोगासाठी ठेवलेलं. त्या कपाटाची किल्ली प्रयोगशाळा सहायक भिकाजींच्या कमरेला.

"घड्याळ बाहेर जायचं असेल तर घड्याळाबरोबर भिकाजीही जाऊ दे," प्राचार्य म्हणाले, आणि सभा चहाकडे वळली.

भिकाजींचं वय तेव्हा त्रेचाळीस. पंधरा वर्षं ते त्या प्रयोगशाळेत होते. प्राध्यापक त्यांना "अरे भिकाजी" म्हणत, आणि प्राध्यापकांचं ऐकून काल मिसरूड फुटलेली पोरंही "भिकाजी, माझा लंबक अडकला" म्हणत. नवखा प्राध्यापक प्रयोग चुकवायचा, भिकाजी मागून हळूच स्क्रू फिरवून तो बरोबर आणायचे, आणि शाबासकी मिळायची प्राध्यापकाला. ह्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती असं ते सांगत. तक्रार होती, आणि ती घरी रोज जेवताना निघे.

आणि मग पुळणीवर पहिल्याच दिवशी एका पोराने धापा टाकत विचारलं, "सर, किती झाले?" पुळण म्हणजे समुद्रकाठची ओली, दाबलेली वाळू. तिच्यावर उभे राहून भिकाजींनी इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं. सर म्हणजे तेच. घरी जाऊन त्यांनी ही बातमी बायकोला, सुगंधाला, दोन वेळा सांगितली.

"सर तर सर," सुगंधा म्हणाली. "पण येताना बांगडे हाडूक सांगितले होते, ते खंय?"

आता पुळणीवर का, तर काजूच्या बागेत धावणारा एकतर झाडावर आपटायचा किंवा उतारावरून थेट विहिरीकडे जायचा. पुळण लांब होती, सपाट होती आणि फुकट होती. दोष एकच, की ती दिवसातून दोनदा समुद्राच्या ताब्यात जायची. त्यामुळे सरावाचं वेळापत्रक घड्याळावर नव्हे, तिथीवर चालायचं. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे, अष्टमीला भर दुपारी. फळ्यावर भिकाजींच्या वळणदार अक्षरात सूचना लागे: "उद्या तृतीया. सराव सकाळी आठ. उशिरा येणाऱ्यांनी पोहत यावे." इंग्रजीच्या प्राध्यापकांनी ह्या सूचनेची स्टाफरूममध्ये वर्षभर टिंगल केली, पण स्वतःच्या मासळीसाठी तेही गुपचूप फळा बघून जात.

प्रत्येक भरतीला आखणी पुसली जायची, म्हणून प्रत्येक सरावाला ती नव्याने करावी लागायची. त्यासाठी भिकाजींनी पन्नास मीटरचा काथ्याचा दोर वळून घेतला होता. शिपाई लवू एक टोक धरून चालायचा, भिकाजी दुसरं. चार दोर झाले की खुंटा. ह्या खुंट्यापासून त्या खुंट्यापर्यंत दोनशे, वळसा घालून परत दोनशे, म्हणजे चारशे मीटरची एक फेरी. दोर आणला त्या दिवशी भिकाजींनी तो प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात पसरून लाकडी मीटरपट्टीने एकूणएक मीटर मोजला, आणि जर्नलच्या पहिल्या पानावर लिहिलं: "दोर पन्नास मीटर. तपासला. बरोबर." खाली सही, तारीख. भिकाजींच्या लेखी सही केलेलं पान म्हणजे देवळातला पाषाण. तो कोणी हलवून बघत नाही.

धावण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण लंबकातलं सगळं कळत होतं. लंबकही इकडून तिकडे जातो आणि परत येतो. म्हणून त्यांनी पोरांना तोच न्याय लावला. प्रत्येकाची तीन वेगवेगळ्या दिवशी वेळ घ्यायची, तिन्हींची सरासरी काढायची, ती जर्नलात लिहायची. कोणी मधेच चक्कर येऊन पडला तर शेरा: "निरीक्षण रद्द." नजर सतत काट्यावर. धावणाऱ्याकडे बघितलं तर वाचन चुकतं, हा त्यांचा सिद्धान्त. सात वर्षांत कॉलेजला दोन कांस्यपदकं मिळाली, एक लांब उडीत आणि एक चालण्याच्या शर्यतीत, आणि दोन्ही वेळा सत्कार संस्कृतच्या प्राध्यापकांचा झाला.

बाकी साहित्याची कथा फार लांबवत नाही. थाळीफेकीची थाळी ब्याऐंशी साली समुद्राने नेली. भाला लवूच्या परसात पेरू पाडायच्या कामी लागला होता. आणि गोळाफेकीचा गोळा सुगंधाच्या स्वयंपाकघरात, खारातल्या आंब्यांच्या बरणीवर, फडक्यात गुंडाळून. सुगंधाचं म्हणणं, आंबे खाली राहायला इतकं योग्य वजन तिला दुसरं मिळालं नव्हतं.

शहाऐंशीच्या जूनमध्ये सुनीती देऊलकर आली. मूळची वेंगुर्ल्याची, कोल्हापूरहून शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली, वय सव्वीस. गळ्यात शिट्टी आणि अंगात निळा ट्रॅकसूट, बाजूने पांढऱ्या पट्ट्या. पहिल्या दिवशी ती बाजारातून चालत गेली तेव्हा न्हाव्याने एका गिऱ्हाइकाची मिशी अर्धीच ठेवली असं सांगतात. मी ते पाहिलेलं नाही, पण त्या न्हाव्याला ओळखणारा कोणीही त्यावर विश्वास ठेवेल.

भिकाजींनी त्या शिट्टीकडे पाहून हिशोब केला. पदवीवाली आली म्हणजे आता तीच सर, आणि आपण पुन्हा कपाट, लंबक आणि "अरे भिकाजी". त्यांनी कपाटाची किल्ली करगोट्याला आणखी एक गाठ मारून बांधली.

पहिला सराव सुनीतीने एकटीने घेतला. तिने शास्त्रशुद्ध आखणी केली, फक्कीच्या पांढऱ्या रेषा ओढल्या, पोरांना हातपाय झाडायला लावले, आणि शिट्टी वाजवली ती बरोबर भरतीच्या तोंडावर. दहा मिनिटांत रेषा गेल्या, मग खुंटे गेले, मग पोरांच्या चपला निघाल्या गोव्याच्या दिशेने. भिकाजी माडाखाली बसून सगळं बघत होते. दुसऱ्या दिवशी ओल्या कॅनव्हासच्या बुटांत फचफच करत ती प्रयोगशाळेत आली आणि म्हणाली, "सर, समुद्राचं मला काही कळत नाही. तुम्ही नसाल तर मी एकटी हे करणार नाही."

ती सर म्हणाली. भिकाजी इतके विरघळले की त्यांनी त्याच दिवशी गोळा परत आणून दिला. सुगंधाने चार दिवस अबोला धरला. तेव्हापासून कॉलेजला दोन कोच झाले. एकाला पळवायचं कसं ते माहीत, दुसऱ्याला कधी ते माहीत.

सुनीतीने सगळ्यात आधी हेरली ती मथुरा. खाडीपलीकडच्या गावातल्या शेतकऱ्याची मुलगी, दुसऱ्या वर्षाला. रोज भाताच्या मळ्यांतून तीन मैल चालत यायची आणि सरावाला अनवाणी पंधराशे मीटर धावायची, जशी काही वाटेतच आहे. डिसेंबरात रत्नागिरीला विभागीय स्पर्धा. पण प्राचार्यांचा एक नियम होता. ऐंशी साली एक उडीवाला स्पर्धा सोडून सिनेमाला गेला होता, तेव्हापासून त्यांनी कुठल्याशा वर्तमानपत्रातून आकडे उतरवून ठेवले होते. त्या वेळेच्या आत येईल त्यालाच कॉलेज पाठवणार. मुलींच्या पंधराशेला पाच मिनिटं चाळीस सेकंद. मथुराची सरासरी पाच पन्नास. तीनदा घेतली, पुन्हा तीनदा घेतली. पाच पन्नास.

"ह्या चेडवाक दम कमी पडता," भिकाजी म्हणाले. "मी शंभर पोरां बगलंय. वाचन खोटा बोलत नाय."

"वाचनाचं मला माहीत नाही सर," सुनीती म्हणाली, "पण पाच पन्नासवाल्या मुली मी कोल्हापूरला बघितल्यात. त्या अशा दिसत नाहीत."

तिचे घरमालक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. त्यांची पोलादी टेप ती रविवारी मागून घेऊन आली. भिकाजींना हा अपमान वाटला, पण टेप धरायला ते आले, कारण मोजमाप चाललंय आणि आपण घरी, हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. लवूने दोर पसरला. सुनीतीने वाकून आकडा वाचला, टेप ताणून पुन्हा वाचला.

"कितके?" भिकाजींनी विचारलं.

"बावन्न."

"परत लाव."

बावन्न. तिसऱ्यांदा भिकाजींनी स्वतः वाळूत गुडघे टेकून वाचलं. बावन्नच. पन्नास मीटरच्या दोरात दोन मीटर जादा म्हणजे शंभरात चार. त्यांची चारशेची फेरी चारशे सोळाची होती. त्यांचे पंधराशे मीटर म्हणजे पंधराशे साठ.

भिकाजी सावकाश लवूकडे वळले. लवू लांब, क्षितिजाकडे बघू लागला.

"लवू, ह्या दोराक काय केलंस?"

"मी खंय काय केलंय?" लवू म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "ऐंशीच्या चवथीक संस्थेच्या अध्यक्षांची गाडी शेतात रुतलेली मां? प्राचार्यांनी सांगल्यानी, दोर घेवन ये. चाळीस माणसां लागली ओढूक. दोनदा. दुपारीच भायर इली गाडी."

"आणि मगे?"

"मगे काय. खिळ्याक परत टांगून ठेवलंय."

"माका सांगूक नाय कित्याक?"

"तुमी इचारलात खंय?" लवू म्हणाला. ऐंशीच्या गणेशचतुर्थीपासून शहाऐंशीच्या डिसेंबरापर्यंत रोज दोघांनी तो दोर हातात धरला होता. एकाने त्याच्यावर सही केली होती, म्हणून तो बघत नव्हता. दुसऱ्याने त्याच दोराने गाडी ओढली होती, आणि दोर तुटला नाही म्हणजे दोराला काही झालं नाही, असं त्याचं गणित.

सोमवारी मथुरा पोलादी टेपने मोजलेल्या पुळणीवर धावली. पाच मिनिटं छत्तीस. सुनीतीने ओरडून तिला मिठी मारली. मथुराला कळेना की रोजच्याइतकीच दमून आज एवढं कौतुक कसलं. भिकाजींनी आकडा लिहिला आणि पेन खिशाला लावलं. आनंद झाला होता, खोटं कशाला बोला, पण त्याच्या खाली भीती होती, आणि ती मथुराची नव्हती. सहा वर्षं आपण चुकीची वेळ लावली हे बाहेर फुटलं तर काय, ही होती. प्राचार्य काय म्हणतील ते तर ठरलेलंच. पण बाजारात, एस.टी. स्टँडवर, जी पोरं आता संसारी झाली होती आणि अजून "सर" म्हणून हाक मारत होती, ती काय म्हणतील?

सुनीतीने त्यांचा चेहरा वाचला. "सर, आपण नवी वेळ देऊया प्राचार्यांना, आणि दोराचं नाव काढायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाचं काय अडलंय त्यात?"

"अडलंय काय तेच बघायचं आहे," भिकाजी म्हणाले. गंभीर विषय निघाला की सुनीतीशी ते पुस्तकी मराठी बोलत, निदान पहिली दोन वाक्यं. "मॅडम, उपकरणात एरर सापडला तर तो पहिल्या वाचनापासून लावायचा असतो. पोरांका मी वीस वर्सां ह्याच सांगतंय. दोन मार्क कापतंय तेंचे."

मग तीन दुपारी प्रयोगशाळेचं दार लोटून ते बसले. जर्नलं काढली, ऐंशीच्या सप्टेंबरापासूनचं प्रत्येक वाचन एकशे चारने भागून शंभराने गुणलं, आणि लाल शाईने बाजूला लिहिलं. सुरुवातीला जीव भांड्यात पडत गेला. जी पोरं हळू होती ती दुरुस्ती करूनही हळूच होती. काही तर इतकी हळू की त्यांना ओढायला अध्यक्षांची गाडी आणली असती तरी फरक पडला नसता. एकेका नावापुढे लाल आकडा लिहून भिकाजी हलके होत होते. एक्क्याऐंशीच्या डिसेंबरचं पान आलं आणि पेन थांबलं.

बाबली परब. पंधराशे मीटर. सरासरी चार मिनिटं सदतीस. मुलांची अट साडेचार मिनिटांची होती.

दोनशे सत्त्याहत्तर सेकंद. भागिले, गुणिले. दोनशे सहासष्ट. चार मिनिटं सव्वीस.

त्यांनी ते तीनदा केलं. तीनदा तेच आलं.

बाबलीचं अभ्यासाशी वाकडं होतं. तो कॉलेजात येत होता तो पुळणीसाठी. एकोणीस वर्षांचा काटकुळा पोरगा, शर्यत संपल्यावर थेट लाटेत जाऊन आडवा पडायचा. आणि त्या डिसेंबरात भिकाजींनी त्याला माडाखाली बसवून समजावलं होतं. कोच म्हणून आपण किती मायेने समजावलं, ह्याचा त्यांना पुढे वर्षानुवर्षं अभिमान होता. "बाबली, मेल्या, तुज्या पायांत ता नाय. मी नऊ वाचनां घेतलंय. वर्स फुकट घालव नको." बाबलीने मान हलवली, आणि जानेवारीत कॉलेजातून नाव काढलं. आता तो तीन वाटांच्या तिठ्यावर मामाची भाताची गिरण चालवत होता. लग्न झालं होतं. धावण्याचा विषय निघाला की तो सगळ्या गिऱ्हाइकांना हसवायचा: "मी इतको सवकास धावी होतंय, दुसरी फेरी संपवीसर भरती येय!" हा विनोद भिकाजींनी स्वतः चारदा ऐकला होता. चारही वेळा ते हसले होते.

"नका जाऊ सर," सुनीती म्हणाली. "पाच वर्षं झाली. तो सुखात आहे. तुम्ही तुमचं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवायला चाललाय."

ती बरोबर बोलत असावी असं भिकाजींना वाटलं. रात्री त्यांनी सुगंधालाही विचारलं. तिने कूस बदलून एवढंच म्हटलं, "जाणार आसात तर जावा. नाय तर निजा. माका जागवू नकात." शनिवारी दुपारी ते जर्नल काखेत घालून निघाले. मंगळवारी रत्नागिरी होती, त्याआधी हे व्हायला हवं होतं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. रस्त्यात त्यांनी दोन प्रकारची तयारी केली. बाबली "जावंद्यात सर" म्हणाला तर काय बोलायचं, आणि त्याने कानाखाली वाजवली तर काय.

गिरण चालू होती. इंजिनाचा आवाज कानठळ्या बसवणारा, सगळीकडे कोंडा, आणि बाबली डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. सात-आठ बायका गोणी घेऊन बसल्या होत्या, पुढे हौसाबाई, जिचा नंबर नेहमी पहिला असतो, ती कधीही आलेली असो. भिकाजींना बघून बाबली पांढऱ्या चेहऱ्याने हसला. भिकाजींनी जर्नल उघडून त्याच्यापुढे धरलं, लाल आकड्यावर बोट ठेवलं, आणि त्याच्या कानाला तोंड लावून सगळं सांगितलं. दोर, गाडी, बावन्न, चार सव्वीस. चार वाक्यांत आटपलं. सहा वर्षांच्या चुकीला तेवढंच लागतं.

बाबलीने आकडा वाचला. मग तो गेला आणि काठीने पट्टा उतरवला. गिरण थांबली. इंजिन एकटंच धडधडत राहिलं, तेही त्याने बंद केलं. बायका ओरडायला लागल्या, काय झाला, काय बिघडला. बाबलीने तिकडे लक्ष दिलं नाही.

"सर, ह्यां तुमी माका कित्याक सांगलात?"

भिकाजींची माफीची तयारी होती, माराची होती. ह्याची नव्हती.

"पाच वर्सां मी बरो निजतंय," बाबली म्हणाला. "आपल्या पायांत नाय, तर नाय. म्हशीक पंख नसतत, ती काय रडता? आता ह्यां घेवन मी काय करू?"

"चूक माजी होती," भिकाजी म्हणाले. "ती तुज्या नावार पडली होती. म्हणान इलंय."

बाबलीने जर्नल हातात घेतलं. कपाळावरचा घाम कोंड्यातून वाट काढत खाली येत होता. मग त्याने जर्नल मिटून भिकाजींच्या हातात दिलं आणि बायकांकडे हात केला.

"माका सांगलात, आता हेंका सांगा. हेंका मी पाच वर्सां हसयलंय. सांगा, सगळ्यांसमोर."

भिकाजींना वाटलं पाय लावून पळावं, आणि तेवढं त्यांना येत नव्हतं. समोर आठ बायका होत्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत आठ गावं. उद्या लवूला बाजारात अडवून लोक दोराची लांबी विचारतील. परवा स्टाफरूममध्ये इंग्रजीचे प्राध्यापक नवा विनोद करतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हो बाबली धावी होतो," ते म्हणाले. मागच्या बायकांनाही ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले. "बरो धावी होतो. रत्नागिरीक जावक व्हयो होतो. माजो दोर चुकीचो होतो. ह्येचे पाय बरोबर होते."

हौसाबाई गप्प झालेली त्या गिरणीत पहिल्यांदाच कोणी पाहिली असेल. पण ते फार टिकलं नाही.

"म्हंजे मास्तरानु," ती म्हणाली, "हो आमका खोटाच सांगी होतो? भरती येय म्हणान?"

"व्हय. खोटाच."

"मगे ह्येका धाडूक नाय कित्याक?"

"माका मोजूक येवक नाय," भिकाजी म्हणाले. वीस वर्षं मोजण्याचीच नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडून ते निघालं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही.

बाबली वळून इंजिनाकडे गेला होता. पाठ ह्यांच्याकडे. हँडल लावलं, पण फिरवलं नाही.

"ता नवीन चेडू," तो म्हणाला. बातमी तिठ्यापर्यंत आधीच पोचली होती तर. "खंयच्या फेरेक ढिला पडता?"

"तिसऱ्या," भिकाजी म्हणाले.

"तिसऱ्याच." बाबलीने मान हलवली. "पयली दुसरी आंगात आसता. चवथेक खुंटो दिसता. तिसरेक कायच नसता. त्या फेरेक तुमी वळणार जावन उबे रवा, आणि तिका नावान हाक मारा."

"मी वेळ लावतंय मां," भिकाजी म्हणाले.

"म्हायत आसा. माका त्या फेरेक कोणीच हाक मारूक नाय."

भिकाजींनी जर्नल काखेत घातलं.

"मारतलंय," ते म्हणाले.

"मोट्यान मारा," बाबली म्हणाला, आणि त्याने हँडल फिरवलं.